बकरी नदी ओलांडते का?

हार्मेनला मी नऊ वर्षं ओळखत होतो आणि एकदाही पाहिलं नव्हतं. दर रविवारी दुपारी तीन वाजता तो माझ्या कानात यायचा आणि पाच वाजता जायचा. मधल्या दोन तासांत आम्ही मिळून राक्षस मारायचो.

आम्ही तिघं. मी वीबे, लेमरच्या उघडणाऱ्या पुलावरचा पूलवाला, वय एकसष्ट. घेंटची गोदेलीव्ह, दाताच्या डॉक्टरकडे मदतनीस. ती बेल्जियन, त्यामुळे आम्ही डच लोक बोलत नाही, खोकतो, असं तिचं ठाम मत. आणि कांपेनचा हार्मेन. आमच्या टोळीचं नाव 'ओले मोजे'. मी तिरंदाज, गोदेलीव्ह जखमा बऱ्या करणारी, हार्मेन ढालवाला. ढालवाल्याने सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं आणि मार खायचा. आमच्या वाटचा मार त्याने नऊ वर्षं खाल्ला आणि कधी कुरकुर केली नाही.

संगणकावरच्या या खेळात एक मोठी खोट आहे. मोठा राक्षस लगेच येत नाही. गुहेच्या दाराशी वीस-वीस मिनिटं ताटकळावं लागतं. त्या वेळात हार्मेन लहानपणी वाचलेल्या पुस्तकाची गोष्ट सांगायचा. पुस्तकाचं नाव तो विसरला होता, लेखक तर त्याला कधी माहीतच नव्हता.

गोष्ट एका नावाड्याची होती, ज्याला पोहता येत नाही, आणि एका बकरीची, जी होडीत पाय ठेवत नाही. नावाडी गावातल्या सगळ्यांना नदीपार नेतो. पाद्री, पाववाली, लग्नाचं वऱ्हाड, पियानोसुद्धा. बकरी तेवढी काठावर उभी. तो तिला कोबी दाखवतो, ती कोबी खाते. टोपी दाखवतो, ती टोपी खाते.

"मग शेवटी ती नदी ओलांडते का?" गोदेलीव्हने पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

"तेच तर माहीत नाही गं! शेवट वाचायचा राहून गेला."

"राहून गेला म्हणजे? पान उलटायला हात नव्हते?"

"उंचावर होतं ते. आणि एक प्रकरण झालं की पुढच्यासाठी महिनाभर थांबावं लागायचं."

आता सांगा, असं पुस्तक असतं का? वाचक बसलाय खाली, पुस्तक वर, आणि प्रकरणं महिन्याच्या पगारासारखी! शिवाय गोष्ट दर वेळी बदलायची. या वर्षी टोपी एप्रिलमध्ये खाल्ली, तर पुढच्या वर्षी मेमध्ये.

माणूस मात्र सोन्यासारखा. माझा वाढदिवस माझ्या सख्ख्या मुलाला आठवत नाही, हार्मेनला आठवायचा. "लक्षात कसं राहतं रे?" गोदेलीव्ह विचारायची.

"सकाळी संडासात बसलं की समोर दिसतं," तो म्हणायचा.

"शी! तुम्ही लोक वाढदिवसाचं कॅलेंडर संडासात टांगता?"

"मग कुठे टांगणार?" हार्मेन आणि मी एकदम म्हणायचो. आम्हाला खरोखरच कळायचं नाही की दुसरी जागा कुठली.

तर त्या सप्टेंबरात माझं डोकं फिरलं होतं. सकाळपासून सात शिडाच्या होड्यांनी पुलाखाली येऊन भोंगे वाजवले होते, आणि दुपारी हार्मेनने पुन्हा बकरी काढली. मी म्हणालो, "हार्मेन, ज्याला नाव नाही, लेखक नाही आणि शेवट नाही, ते पुस्तक नसतं. ती थाप असते. नऊ वर्षं तू आम्हाला थापा मारतोयस."

तो मग म्हणाला, "बरं." आणि पाच वाजायच्या आधीच गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही. "रुसलाय," मी म्हणालो. "रुसू दे. भूक लागली की येईल."

तिसऱ्या रविवारी गुहेच्या दाराशी त्याची आकृती उगवली. राक्षस आला, तरी हा ठोंब्यासारखा उभाच. राक्षस त्याला चावतोय आणि हा हलत नाही.

"अरे गाढवा, ढाल उचल!" मी ओरडलो. "झोपलास का? ढाल, ढाल!"

राक्षसाने त्याला गिळला. मग पडद्यावर एकेक अक्षर उमटू लागलं, एका बोटाने टाइप केल्यासारखं: "मी हार्मेनची बहीण आलेइदा. हार्मेन गेला. हृदय. तुमच्याशी शेवटचं खेळला त्याच रविवारी संध्याकाळी. ढाल कुठे असते?"

मी पूलवाला आहे. आयुष्यभर लोकांना थांबवून ठेवणं हे माझं काम. पण त्या दिवशी मला कळलं, की एखादा शब्द आपण नंतर मागे घेऊ म्हणून ठेवतो आणि समोरचा थांबतच नाही. तो माझं 'थाप' ऐकून गेला होता. हे मला सहन होईना.

मग मी ते पुस्तक शोधायला लागलो. शेवट शोधायचा, हार्मेनच्या माणसांसमोर वाचायचा आणि सांगायचं की तो खरं बोलत होता, मी मूर्ख. तीन वाचनालयं पालथी घातली. लेउवार्डेनच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराने विचारलं, "नाव?" म्हटलं, माहीत नाही. "लेखक?" माहीत नाही. "मग माहीत काय आहे?" म्हटलं, बकरी आहे. तो आत गेला आणि 'शेळ्यांच्या खुरांचे आजार' घेऊन आला. मी ते घेतलंसुद्धा. बुडत्याला काडीचा आधार.

डिसेंबरात आलेइदाचा निरोप आला: अकराला हार्मेनचा वाढदिवस. त्याचा चौसष्टावा. ती तो करणार होती आणि 'ओल्या मोज्यांनी' यायचंच होतं.

गोदेलीव्हने मला झ्वोलेच्या स्टेशनवर गाडीत घेतलं. प्रत्यक्षात ती खेळातल्या आवाजापेक्षा निम्मी होती. माझ्या मांडीवरचं पुस्तक पाहून म्हणाली, "मेलेल्या माणसाच्या वाढदिवसाला खुरांचे आजार? वीबे, फूल नाही का मिळालं?"

"रिकाम्या हाताने कसं जायचं?"

"आणि तिथे म्हणायचं काय? वाढदिवस म्हणून अभिनंदन की गेला म्हणून सांत्वन?"

"सांत्वन, अर्थातच," मी म्हणालो, आणि कांपेनपर्यंत मनातल्या मनात घोकत राहिलो. सांत्वन, सांत्वन, सांत्वन.

आलेइदा तिच्या घराच्या दारात भेटली. हार्मेनचाच आवाज, फक्त बाईचा. आत बैठकीत खुर्च्या गोल मांडलेल्या, त्यावर बारा नातेवाईक, प्रत्येकाच्या गुडघ्यावर कॉफी आणि केकचा एक तुकडा. अशा गोलात शिरलं की आमच्याकडे एकेकाशी हात मिळवत फेरी पूर्ण करावी लागते. आईचं अभिनंदन, मामाचं अभिनंदन, शेजारणीचं अभिनंदन. वाढदिवस एकाचा, पण सुटका कोणाची नाही. साठ वर्षं मी हेच करत आलोय. पहिल्याच खुर्चीत अठ्ठ्याऐंशी वर्षांची मावशी होती. मी तिचा हात हातात घेतला, चेहरा पाडला आणि म्हणालो, "अभिनंदन."

ध चा मा झाला. बैठक गार. जित्याची खोड!

मावशीने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुमचंही," ती म्हणाली, आणि कॉफी प्यायली.

दुसऱ्या खुर्चीशी जाण्याऐवजी मी विचारलं, "संडास कुठे आहे?"

जिन्याखाली एवढीशी खोली. दार लावलं, झाकण खाली पाडून त्यावर बसलो आणि डोकं धरलं. ज्याची माफी मागायला आलो, त्याच्या मावशीचं अभिनंदन करून बसलो. डोकं वर केलं, तर समोर, दारावर बरंच उंच, कॅलेंडर. जुनं, पिवळं पडलेलं, दोरीने खिळ्याला टांगलेलं. डिसेंबर. वर रंगीत चित्र: नदी गोठलेली, बर्फावर होडी, होडीत एक माणूस घोंगडी गुंडाळून बसलेला, बोडका. आणि पुढे गळ्यात दोर बांधून, नाक वर करून, होडी ओढत निघालेली एक पांढरी बकरी.

मी उठलो. पान उलटून नोव्हेंबर पाहिला: वाऱ्यात नावाडी, काठावर बकरी. ऑगस्ट: होडीत पियानो. मे: बकरीच्या तोंडात टोपी. मे! एप्रिल नव्हे, मे. शब्द कुठेच नव्हते, फक्त बारा चित्रं, आणि तारखांपुढे टाकाच्या अक्षरात माणसांची नावं.

"डिसेंबर!" मी आतून ओरडलो. "गोदेलीव्ह! डिसेंबर!"

"हो, माहीत आहे, अकरा तारीख!" ती दार बडवत म्हणाली. "मेलास की काय आत?" बाहेरची बैठक दुसऱ्यांदा गार झाली.

मी दार उघडून तिला आत ओढलं. मागोमाग आलेइदा शिरली. तीन माणसं, एक संडास, माझी पाठ पाण्याच्या टाकीला चिकटलेली. "हे कुठून आलं?" मी विचारलं.

"ते? आजीचं. गेल्या आठवड्यात आईच्या पेटीत सापडलं. फाटलेलं नव्हतं, म्हणून टांगलं. यात वार नसतात, वाढदिवस काही बदलत नाहीत. का हो?"

"हार्मेनने हे पाहिलं होतं?"

"लहानपणी. महिन्यातून एका रविवारी आम्ही आजीकडे जायचो. त्याचं पोट नेहमी बिघडलेलं, तासन्‌तास आत. पण डिसेंबरात आमची पाळी दुसऱ्या आजीकडे असायची. आणि तो सात वर्षांचा असताना ही आजी गेली."

गोदेलीव्हने तोंडावर हात ठेवला. मी सांगून टाकलं. बकरी, नऊ वर्षं, आणि मी त्याला काय म्हणालो ते. "मी त्याला थापाड्या म्हटलं, बाई. तोच त्याने माझ्याकडून ऐकलेला शेवटचा शब्द."

आलेइदा टाकीकडे बघत राहिली. "त्याने त्या संध्याकाळी मला फोन केला होता," ती म्हणाली. "विचारलं, लहानपणी आपल्याकडे नावाड्याचं आणि बकरीचं पुस्तक होतं का? मी म्हटलं, छे, नव्हतं. मग तो म्हणाला, वीबेचं बरोबर असेल, मीच बनवलं असेल." तिचा आवाज फुटला. "पुस्तक नव्हतंच हो! त्याने कॅलेंडर विचारलं असतं तर सांगितलं असतं."

आम्ही तिघं रडलो. बसायला जागा एकच होती, ती आलेइदाला दिली.

मग गोदेलीव्ह नाक पुसत चित्राखालच्या तारखा वाचू लागली. "वीबे," ती म्हणाली, "अकरा बघ."

अकरा तारखेपुढे आजीच्या अक्षरात लिहिलं होतं: हार्मेन. त्याने कधी न पाहिलेल्या पानावर, बकरीच्या खुरांच्या बरोबर खाली, त्याचं नाव जन्मापासून होतं.

आलेइदाने खिडकीतली पेन्सिल उचलली. "तुमच्या तारखा लिहा. तो असता तर त्याने लिहिल्याच असत्या." गोदेलीव्हने फेब्रुवारीत आपली लिहिली. माझी मेमध्ये, टोपीच्या पानावर. गेलेल्या माणसाच्या नावापुढे आम्ही क्रूस काढतो, तसा मी हार्मेनच्या नावापुढे काढणार होतो, पण हात होईना. "राहू दे," आलेइदा म्हणाली. "वाढदिवस आहे."

मी पेन्सिल खाली ठेवली आणि तिचा हात हातात घेतला. "अभिनंदन, आलेइदा," मी म्हणालो. "भावाच्या वाढदिवसाचं."

"तुझंही, वीबे. मित्राच्या वाढदिवसाचं."

तेवढ्यात दारावर काठी वाजली. "अहो अभिनंदनवाले," बाहेरून मावशी म्हणाली, "आत किती जण आहात? आणि ती बकरी पोचली का एकदाची पलीकडे? लहानपणी हार्मेनने माझंही डोकं खाल्लं होतं त्या बकरीपायी."

"पोचली, मावशी!" मी ओरडलो. "होडीसकट पोचली!"

"मग बाहेर या. मला जायचंय."