मुठीतला टॉवेल

"अहो, हा तुमच्याच टीमचा ना?" बाईंनी मोबाइल माल्कमच्या नाकासमोर धरला.

माल्कम ऑगडेन त्या वेळी त्यांच्या पुढच्या खोलीत गुडघ्यांवर होता. नव्या गालिच्याची कड भिंतीपर्यंत ताणून बसवत होता. त्याने हात पँटला पुसले आणि कपाळावरचा चष्मा खाली ओढला. फोटो त्यानेच काढलेला होता.

स्कारबेक टाउन या फुटबॉल क्लबचा कॅप्टन कायरन टॅटर्सल. डाव्या हातात पिवळ्या शर्टातल्या एका कोवळ्या पोराची कॉलर, उजवी मूठ त्या पोराच्या तोंडाशी. कायरनचा जबडा वासलेला, मानेच्या शिरा तटतटलेल्या. पोराचं डोकं मागे गेलेलं आणि नाकातून हनुवटीपर्यंत रक्त. फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'हा माणूस आठवडाभर तुमची मुलं सांभाळतो.'

"माझी नात त्याच शाळेत आहे," बाई म्हणाल्या. "नशीब, त्याच्या वर्गात नाही."

"तो मारत नाहीये हो. रक्त पुसतोय. मुठीत टॉवेल आहे त्याच्या."

बाईंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. "कुठाय टॉवेल?"

टॉवेल दिसत नव्हता. माल्कमने आदल्या दिवशी घरच्या कॉम्प्युटरवर तो फोटो इतका मोठा करून पाहिला होता की शेवटी नुसते चौकोन उरले होते. तरी टॉवेल दिसला नव्हता.

"चहा टाकते," बाई म्हणाल्या आणि विषय संपला.

गेली वीस-बावीस वर्षं माल्कमचा आठवडा ठरलेला होता. सोमवार ते शुक्रवार लोकांच्या घरी गालिचे बसवायचे आणि शनिवारी टाउनच्या मागे जायचं. घरच्या मैदानावर असो की पोरांच्या बसमधून परगावी, कॅमेरा गळ्यात आणि बुडाखाली गालिच्याचा एक उरलेला तुकडा. कामाने गुडघे गेले होते, ओल्या गवतावर बसवत नसे. पोरं त्याला छळायची. "म्हाताऱ्या, आज तरी माझी चांगली बाजू घे." "तुझी चांगली बाजू म्हणजे पाठ, तीच घेतो." कुणी वायरमन, कुणी पोस्टमन, एक जण तर अंत्यविधीच्या गाडीवर ड्रायव्हर. मोठ्या लीगच्या कितीतरी पायऱ्या खाली खेळणाऱ्या या पोरांचे फोटो जगात दुसरं कुणी काढणार नव्हतं. गावातल्या निम्म्या आयांच्या फ्रिजवर माल्कमने काढलेले फोटो चिकटवलेले होते.

त्याचा एकच नेम होता. जखमी माणसाचा फोटो काढायचा नाही. "त्याची आई बघते," एवढंच तो सांगायचा.

शनिवारी शेवटची दहा मिनिटं राहिली होती. पाहुण्यांचा कॉर्नर आला, गोलसमोर ही झुंबड उडाली आणि त्यांचा तो एलियट नावाचा पोरगा तोंडावर जाऊन खांबाला आपटला. चेंडू रेषेच्या आत गेला की नाही, हे विचारायला रेफ्री लाइन्समनकडे धावला आणि दोन्ही टीम आरडाओरडा करत त्याच्या मागे. गोलपाशी उरले तिघं: तो पोरगा, कायरन आणि टाउनचा गोलकीपर. पोरगा उठला आणि झोकांड्या खायला लागला. पडेल म्हणून कायरनने त्याची कॉलर पकडली, जाळीवर वाळत घातलेला गोलकीपरचा टॉवेल दुसऱ्या हाताने ओढला, चुरगाळला आणि "पाण्याची बादली आणा रे, बादली!" असं ओरडत त्या पोराच्या नाकाला लावला. नेमकं तेव्हाच ढगांखालून तिरपं ऊन आलं. माल्कमने बटण दाबलं. एकदाच.

फोटो काढणारा माणूस अशा वेळी जे करतो तेच त्याने केलं. मान खाली घालून कॅमेऱ्याच्या पाठीवर बघितलं. उन्हाने कोरल्यासारखा कायरनचा चेहरा. इतका चांगला फोटो त्याला आयुष्यात साधला नव्हता. त्याने वर पाहिलं तेव्हा पोरगा खांबाला टेकून बसला होता, नाकाशी टॉवेल, आणि कायरन उकिडवा बसून त्याची पाठ चोळत होता. तो फोटो माल्कमने काढला नाही. नेमाप्रमाणे.

संध्याकाळी त्याने नेहमीसारखे सगळे फोटो इंटरनेटवर क्लबच्या पानावर टाकले. तो एक सगळ्यात वर ठेवला. खाली लिहिलं, 'आमचा कॅप्टन!'

रविवारी सकाळी त्याची बायको मॉरीन चहाचा कप हातात घेऊन बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. "माल्कम, हे लोक काय लिहितायत बघ. काढून टाक तो."

त्याने लगेच काढला. पण पाहुण्यांच्या गावाने तो रात्रीच उचलला होता. त्याने काढलेला फोटो आता सगळ्यांकडे होता, फक्त त्याच्या हातात राहिला नव्हता.

सोमवारी त्या बाईंचा गालिचा संपवून तो थेट कायरनच्या घरी गेला. कायरन स्वयंपाकघरात टेबलावर पुठ्ठ्याची चित्रं कापत बसला होता. कप, बूट, आंघोळीचा टब. बोलू न शकणाऱ्या मुलांना बोट ठेवून सांगता यावं म्हणून तो अशी चित्रं वर्गात वापरायचा.

"ये. बस. गुडघे काय म्हणतायत?"

"गुडघे मरू देत. मी उद्या शाळेत येतो तुझ्याबरोबर. सगळं सांगतो."

"मी सांगितलंय रे. हेडबाईंना पटलंसुद्धा. म्हणाल्या, मला पटतंय, कायरन. आणि मग म्हणाल्या, तोवर घरीच थांब."

"तोवर म्हणजे?"

"ते नाही बोलल्या." कायरनने कात्री खाली ठेवली. "एक मायलो म्हणून आहे. मी शेजारी बसलो नाही तर घास घेत नाही. आज उपाशी राहिला असेल बघ."

"मी तो फोटो वर ठेवायला नको होता," माल्कम म्हणाला.

"फोटो झकास आलाय पण," कायरन म्हणाला. "दुसऱ्या कुणाचा असता तर मीच म्हटलं असतं, काय फोटो आहे." तो हसला. माल्कमला ते हसू सोसवेना. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बुधवारी माल्कम गालिच्यांनी भरलेली व्हॅन घेऊन माळ ओलांडून एलियटच्या गावी गेला. दार आईने उघडलं. त्याने नाव सांगितलं, फोटो मीच काढला म्हणाला आणि दार तोंडावर आपटेल या तयारीने उभा राहिला.

बाईंनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "तुमचे उपकार कसे फेडू हो? तुम्ही त्यांच्याच गावचे असून लपवलं नाहीत. तुमचा फोटो नसता तर पोरगं आपलं खांबावर आपटलं असं म्हणून सगळे मोकळे झाले असते."

"अहो, तो खांबावरच आपटला. तेच सांगायला आलोय मी."

बाईंनी हात सोडला. चेहरा हळूहळू बंद होत गेला. "त्यांनी पाठवलं का तुम्हाला?"

"कुणी नाही पाठवलं. मी समोर होतो."

मागून एलियट आला. नाकावर पट्टी, दोन्ही डोळ्यांखाली काळंनिळं. "आई, बोलू दे त्यांना," म्हणत तो फाटकापर्यंत बाहेर आला. पोरगा सालस होता.

"तू खांबावर आपटलास. त्याने तुला पडू दिलं नाही. टॉवेल लावला," माल्कम म्हणाला. "एवढंच तू चौकशी करणाऱ्यांना सांग. तू सांगितलंस तर ऐकतील."

एलियट फाटकाची कडी वरखाली करत राहिला. "तुम्ही खोटं बोलताय असं नाही म्हणत मी. पहिल्या रात्री मला काहीच आठवत नव्हतं. कॉर्नर आला, तिथपर्यंतच. पण आता आठवतं."

"काय आठवतं?"

"त्याचं तोंड. आणि मूठ येताना दिसते."

"अरे पोरा, ते फोटोतलं आहे. तो फोटो तर मी बाजूने काढलाय. तुला तसं दिसणंच शक्य नाही!"

"असेल," एलियट म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. "पण डोळे मिटले की तेच दिसतं. मी दुसरं काय सांगू?"

परतताना माल्कमने माळावर गाडी बाजूला घेतली. मेंढ्या रस्ता ओलांडून गेल्या, तरी त्याने गाडी सुरू केली नाही.

चौकशीला बसलेल्या जिल्ह्याच्या फुटबॉल समितीसमोर गोलकीपरने सांगितलं, माल्कमनेही सांगितलं. लांब टेबलामागे तिघं बसले होते, त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. मग त्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "मिस्टर ऑगडेन, तुम्ही टाउनचे समर्थक?"

"हो."

"मुठीत टॉवेल होता, तर मग टॉवेलचा एकही फोटो कसा नाही?"

"मी जखमी माणसाचे फोटो काढत नाही."

"हा काढलात की."

माल्कमने चष्मा कपाळावर सरकवला.

"आणि खाली 'आमचा कॅप्टन' कुणी लिहिलं?"

"मी."

बाईंनी मान डोलावली. त्यात खवचटपणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. कायरनवर उरलेल्या मोसमाची बंदी आली. शाळेने त्याला काढलं नाही, फक्त सत्र संपल्यावर पुन्हा बोलावलं नाही. तो हमरस्त्यालगतच्या गोदामात खोकी उचलायला लागला.

माल्कमने कॅमेरा सोडायचं ठरवलं होतं. मॉरीनलाही तसं बोलला. पण पोरांनी फोन करून डोकं खाल्लं, "म्हाताऱ्या, तू नाहीस तर आम्ही खेळलो हे कुणाला कळणार?" आणि तो गेला. पोरं खेळत होती. त्यांचा काय दोष?

एप्रिलमध्ये घरच्या मैदानावर शेवटची मॅच होती. वारा सुटला होता. अर्धा खेळ झाल्यावर कायरन गोदामाचं जाकीट तसंच अंगात घालून आला आणि गोलमागच्या कठड्याला टेकून उभा राहिला. "काय रे माल्क, मिळाला का एखादा चांगला?" त्याने ओरडून विचारलं. माल्कमने नुसता अंगठा वर केला.

तिथे एक चार-पाच वर्षांची मुलगी आपला लाल चेंडू घेऊन खेळत होती. वाऱ्याने तो घरंगळत कायरनच्या पायाशी आला. कायरन वाकला, चेंडू उचलला आणि सवयीने तिच्याशी बोलायला एका गुडघ्यावर टेकला. मुलगी हात पसरून धावत आली. पण मागून आई आली, तिने त्याच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि मुलीचा खांदा घट्ट धरून तिला जागीच थांबवलं.

कायरनने चेंडू पायरीवर ठेवला. वाऱ्याने जाऊ नये म्हणून क्षणभर त्यावर हात धरला. मग उठून पाच-सहा पावलं मागे गेला, कठड्याच्या पार टोकाला, आणि दोन्ही हात खिशात घातले.

आईने पुढे होऊन चेंडू उचलला. "थँक यू," ती खाली बघत म्हणाली.

"वारा फार आहे," कायरन म्हणाला. "नीट धरायला सांगा तिला."

मैदानावर टाउनला कॉर्नर मिळाला होता. पोरं गोलसमोर गोळा होऊ लागली आणि माल्कमला तिकडे वळणं भाग होतं. मायलेकी दुसऱ्या बाजूच्या कट्ट्यावर जाऊन बसेपर्यंत कायरनने हात खिशातून बाहेर काढले नाहीत.