सांगितल्याशिवाय सोडायचं नाही

हत्तीण अठरा वर्षांची झाली त्या वर्षी टर्नरांनी तिला नवे ब्रेक बसवायला काढले.

हत्तीण म्हणजे त्यांची गाडी. करडी, उंच, सात माणसं सहज पोटात घेणारी, आणि वळायची झाली की अख्खी गल्ली अडवणारी. नाव ऑपरेटरबाईंनी ठेवलेलं. टर्नर हे त्यांचे यजमान. छत्तीस वर्षं कारखान्यात लेथ चालवला. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी गल्लीने त्यांचा हुद्दा काही काढून घेतला नव्हता. बाईंचंही तेच. टेलिफोन ऑफिसातली त्यांची खुर्ची, कानावरचा तो जड हेडफोन, पुढ्यातला वायरींचा पसारा, सगळं केव्हाच भंगारात गेलं, पण त्या ऑपरेटरबाईच राहिल्या. नुसता आवाज ऐकून माणूस खरं बोलतोय की थाप मारतोय हे त्यांना अजून कळायचं. त्या नोकरीतून एवढंच काय ते घरी आलं होतं.

ब्रेकचं निघालं ते शेजारच्या खांबावरून. तीन आठवड्यांपूर्वी टर्नर गाडी आत घेत होते आणि हत्तीण थांबायची ती थांबली नाही. पेंटरभाऊंच्या फाटकाच्या खांबाला जाऊन भिडली. खांब कलला, हत्तिणीला ओरखडासुद्धा नाही.

"दाबला, पण लागलाच नाही," टर्नर म्हणाले. "म्हातारे झाले ब्रेक."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी वरच्या मॉडेलच्या मोठ्या डिस्क, मोठे कॅलिपर, नवे पॅड, नवे पाइप असं सगळं मागवलं. येत्या शनिवारी लेक आणि नात यायच्या होत्या. स्टेशन डोंगराच्या पायथ्याशी, चाळीस मिनिटांवर, रस्ता सगळा वळणांचा आणि उताराचा. नात सात वर्षांची. आपल्याला न्यायला हत्तीणच आली पाहिजे असा तिचा हट्ट, आणि आजोबांनी फोनवर शब्द देऊन टाकलेला.

 उन्हाळ्यात बाईंनी एक गोष्ट पाहिली होती. टर्नर अंगणातून घरात येत होते, उजव्या पायातली चप्पल दाराशी निसटली, आणि ते तसेच एका पायाने अनवाणी आत आले, खुर्चीत बसले, पेपर उघडला. बाईंनी चप्पल उचलून त्यांच्या पायाशी ठेवली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग गरम पाण्याच्या पिशवीने अंगठ्याशेजारी मोठा फोड आला, तो त्यांना दुसऱ्या दिवशी मोजे घालताना दिसला. डॉक्टरांनी साखरेची गोळी वाढवली आणि पाय रोज बघत जा म्हणाले. बाई रोज बघत होत्या. चप्पल निसटली की पायाशी ठेवत होत्या. त्याच्या पुढचा विचार डोक्यात आला की राँग नंबर लागल्यासारखा त्या तो खाली ठेवून देत. आपण घाबरायला हवं हे त्यांना कळत होतं. पण भीती येतच नव्हती. आत सगळं भूल दिलेल्या दाढेसारखं झालं होतं. जीभ लावून बघावी तर आपलीच दाढ परकी.

काम सोमवारी सुरू झालं. टर्नरांनी आयुष्यात गाडीला दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता. पुढची चाकं उतरली, जुन्या डिस्क गंजून घट्ट बसल्या होत्या, त्या हातोडीने ठोकून निघाल्या. सवयीने त्यांनी त्या पुसून मापल्या. एकदा मापल्या, चष्मा पुसून परत मापल्या.

"किती झिजल्यात?" बाईंनी चहा ठेवता ठेवता विचारलं.

"फार नाही." मग जरा थांबून, "पॅडही निम्मे आहेत. पण दिसतं तसं नसतं."

"म्हणून तर जग फसतं," बाई म्हणाल्या, आणि कप ठेवून आत गेल्या.

मंगळवार, बुधवार नव्या डिस्क आणि कॅलिपर चढवण्यात गेले. पेंटरभाऊ कुंपणाशी येऊन उभे राहिले. हातात ब्रश, कपाळावर पांढरा ठिपका.

"काय टर्नरसाहेब, हत्तिणीच्या पायात तोडे घालताय?"

"तुमच्या खांबासाठीच चाललंय सगळं."

"खांबाला मी आजच रंग दिलाय. भेटायला यायचं झालं तर उद्या या, वाळू दे."

टर्नर हसले. हसताना वाकलेले होते ते तसेच राहिले. पाठ धरली. बाईंनी आणि पेंटरभाऊंनी मिळून त्यांना सरळ केलं.

त्यामुळे गुरुवारी सकाळी अदलाबदल झाली. ब्रेकचे पाइप बदलले की त्यातली हवा काढावी लागते, आणि हे काम एकट्याचं नाही. एकाने वर बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने चाकाशी बसून कॅलिपरवरची बारीक तोटी, म्हणजे निपल, पान्याने जरा सैल करायचं. नळीतून ऑइल येतं, त्यात हवेचे बुडबुडे येतात, बाटलीत पडतात. निपल बंद करायचं, मगच वरच्याने पाय उचलायचा. बुडबुडे संपेपर्यंत हेच. बेचाळीस वर्षं वरचा पाय बाईंचा होता.

पहिली गाडी आली तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. चिमुकली, तिसऱ्या हाताची, दार दोरीने बांधलेली. टर्नर खालून म्हणायचे, दाब. ती म्हणायची, दाबला. धर. धरलाय. सोड. सोडला. नव्या नवरीला नवऱ्याशी मोठ्याने बोलायची चोरी होती, सासूबाई खिडकीत बसलेल्या. पण हे मात्र मोठ्याने बोलता यायचं. तिसऱ्या चाकाला स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा आवाज आला आणि तिने पाय उचलला. निपल उघडंच होतं. काढलेली सगळी हवा परत आत गेली. टर्नर खालून बाहेर आले, कोपरापर्यंत काळे. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "सांगितल्याशिवाय सोडायचं नाही." आणि पहिल्या चाकापासून पुन्हा सुरुवात केली. त्यानंतर घरात काहीही उतू गेलं तरी बाईंचा पाय कधी हलला नाही.

आज टर्नर हँडलला धरून कसेबसे वर चढले आणि बाई मागच्या चाकाशी स्टुलावर बसल्या. सर्वांत लांबचं चाक आधी, हे त्यांना पाठ होतं. चाक काढलेलं, इंजिन बंद, मांडीवर जुनं फडकं, हातात पाना, पायाशी बाटली. डोक्याच्या बरोबर वर हत्तिणीचा मागचा दिवा.

"कर हुकूम," टर्नर आतून म्हणाले. "बेचाळीस वर्षांनी पाळी आली तुझी."

"दाबा."

"दाबला."

दिवा लाल झाला. बाईंच्या हातावर, बाटलीवर लाली पडली. निपल सैल केलं, काळपट ऑइल आणि बुडबुडे आले. "धरा." "धरलाय." निपल बंद. "सोडा." दिवा विझला. "सोडला."

पाच-सहा वेळा नीट झालं. इतक्या वर्षांत वर बसून बाईंना हे कधी दिसलंच नव्हतं, की आपला पाय खाली गेला की मागे असा दिवा लागतो. टर्नरांना मात्र दर वेळी दिसत असणार.

"दाबा."

"दाबला."

दिवा लागला नाही. बाईंनी निपल उघडलं, नळीत काही आलं नाही. आपल्याकडूनच काही चुकलं असेल म्हणून त्यांनी ते बंद केलं.

"पुन्हा दाबा."

"दाबलाय की."

दिवा विझलेलाच. बाई त्या काळ्या पडलेल्या लाल काचेकडे बघत राहिल्या. त्यांचे कान टर्नरांच्या आवाजावर होते. थाप नव्हती. कंटाळा नव्हता. खरं सांगणाऱ्या माणसाचा स्वच्छ आवाज होता.

त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि पुढच्या उघड्या दाराशी गेल्या. टर्नर समोर बघत ताठ बसले होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर. उजवा पाय पूर्ण खाली दाबलेला, पोटरीची शीर वर आलेली. पाय ॲक्सिलरेटरवर होता.

बाईंना काही वाटलं नाही. ओरडावंसं, रडावंसं, धरून ठेवावंसं, काहीच. खांब आठवला. मग उतार आठवला, आणि मागच्या सीटवर बसून रस्त्यावरच्या सगळ्यांना हात करणारी नात. तेही कोणीतरी लांबून सांगितल्यासारखं.

"काय झालं?" टर्नरांनी मान वळवली. "ऑइल येईना?"

"दिवा लागला नाही."

"बल्ब गेला असेल."

"आधी लागत होता."

"मी दाबलाय गं. जोरात दाबलाय."

"हो," बाई म्हणाल्या. "जोरात दाबलाय तुम्ही."

टर्नरांनी बाईंकडे पाहिलं आणि मग खाली पाहिलं. बराच वेळ. मापलेली गोष्ट परत मापावी तसं.

"बूट जाड आहे हा," ते म्हणाले. बूट काढला, मोजा काढला. फोडाची जागा अजून गुलाबी होती. पाय हाताने उचलून ब्रेकवर ठेवला. "आता बघ. मागे जा."

बाई मागे गेल्या.

"दाबला."

दिवा लागला.

"सोडा."

"सोडला."

दिवा लागलेलाच होता. बाई त्याच्याखाली उभ्या राहिल्या. आज पहिल्यांदाच खोटं सांगावं असं त्यांच्या मनात आलं. 'झालं बरं का, नीट झालं,' एवढं म्हटलं की भागलं. शनिवारपर्यंतचं तरी भागलं.

"विझला?" टर्नरांनी विचारलं.

"नाही."

 कुंपणापलीकडे पेंटरभाऊ शिडी सरकवत होते. मग दिवा विझला. टर्नरांनी पाय हाताने काढला असावा.

"म्हणजे ब्रेक चांगले होते," ते म्हणाले.

"हो."

"डिस्क मापल्या तेव्हाच..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "तुला माहीत होतं?"

"चप्पल निसटते तुमची. उन्हाळ्यापासून. तुम्हाला कळत नाही."

"आणि तू परत आणून ठेवतेस."

"ठेवते."

 हँडल धरून, पाठ सांभाळत, एक पाय अनवाणी, टर्नर खाली उतरले. बाईंना वाटलं आता पेटी बंद करतील, हत्तीण तशीच चाक काढलेली राहील. पण त्यांनी पाना मागितला.

"वर बस."

"पाठ?"

"पाठ कळतेय मला. ती दुखते, बरं आहे."

बाई वर चढल्या. सीट अजून टर्नरांच्या अंगाने कोमट होती. पाय आपोआप जागेवर गेला.

"दाब."

"दाबला."

"धर."

"धरलाय."

"सोड."

"सोडला."

एक चाक झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. दर चाकाला टर्नर स्टूल सरकवून कण्हत बसत होते आणि बाई समोरच्या भिंतीवरचा पाण्याचा डाग बघत होत्या. हळूहळू पायाखालचं पेडल बदलत गेलं. आधी ओल्या स्पंजासारखं होतं, मग कणकेसारखं, आणि चौथ्या चाकाला दगडासारखं वरच्या वर अडलं. इतका चांगला ब्रेक त्यांच्या पायाला कधीच लागला नव्हता. अठरा वर्षांत नाही, पहिल्या गाडीपासून नाही.

"कसा आहे?" टर्नरांनी खालून विचारलं.

"छान आहे."

"शेवटचा. दाब."

"दाबला."

"धर."

"धरलाय."

निपल बंद झाल्याची कुरकुर बाईंनी ऐकली. पाना पेटीत पडल्याचं ऐकलं. पुढचा शब्द आला नाही. त्याऐवजी फोनची बटणं वाजली. पुढचं चाक दाराच्या अगदी जवळ होतं. एकेक शब्द ऐकू येत होता.

"मी बोलतोय. नाही, सगळं बरं आहे. आई वर बसलीय, ब्रेक धरून. ऐक. शनिवारी तुम्ही टॅक्सी करून या." लेक काहीतरी बराच वेळ बोलली. "नाही, गाडी तयार आहे. गाडीला काही झालेलं नाही. तेव्हाही नव्हतं झालेलं. माझा पाय... पायाला कळत नाही मला. ब्रेकवर आहे की कुठे आहे." पुन्हा लेक बोलली, या वेळी थोडंच. "हो. तूच. इथे आल्यावर तू चालव, मी बसेन बाजूला. पिल्लूला दे जरा."

बाईंची पोटरी ताठली होती. मग थरथरायला लागली.

"पिल्ला, हत्तीण नाही येत गं स्टेशनवर. ठणठणीत आहे ती. आजोबांचा पाय झोपलाय. नाही, तसा नाही, मुंग्या येऊन जातात तसा नाही. उठणार नाही तो बहुतेक. हो, सांगतो आजीला." पलीकडून नातीने काहीतरी विचारलं. "हो, रागावलेला नाहीये मी."

फोन बंद झाला. टर्नर स्टुलावरच बसून राहिले. बाईंना फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि तो कसला आहे हे टेलिफोन ऑफिसात शिकलेल्या माणसाला कोणी सांगायची गरज नव्हती. मांडीपासून घोट्यापर्यंत सगळा पाय दुखत होता. उन्हाळ्यापासून त्यांना स्वच्छ कळलेली ही पहिली गोष्ट होती. पेंटरभाऊ कुंपणापलीकडून ओरडले, "अहो टर्नरसाहेब, मागचा दिवा राहिलाय लागलेला, बॅटरी उतरेल." 

बाई दाबून बसल्या होत्या. निपल केव्हाच बंद झालं होतं, पाय उचलला असता तरी आता काही बिघडणार नव्हतं. त्यांनी उचलला नाही.

बऱ्याच वेळाने खालून आवाज आला.

"धरलायस अजून?"

"धरलाय."

"सोड," टर्नर म्हणाले.