भिंगरीच्या पोटातला माझा मुक्काम

मी पोटातून बोलतेय. इकडेतिकडे शोधू नका, दिसायची नाही. मी जंत. बाईमाणूस, अंगानं वीतभर, रंगानं गोरीपान! नाक मुरडलंत ना? खुशाल मुरडा. पण ऐका, कारण मला परवापासून गरगरतंय आणि बोलायला फारसा वेळ उरलेला नाही.

माझं अंडं गाजराच्या वाफ्यात, मातीत पडलेलं. शेतकऱ्याच्या धाकट्या लेकीनं गाजर उपटलं, फ्रॉकला पुसलं आणि कचाकचा खाल्लं. घरभर गिरक्या घ्यायची म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. तिच्या पोटात मी अंड्यातून बाहेर आले, रक्तातून थेट फुप्फुसांत हिंडून आले, खोकल्याबरोबर घशात चढले आणि गिळली जाऊन पुन्हा आतड्यात उतरले. हौस हो, दुसरं काय!

मग काय, नुसती चंगळ! घास तिचा, ताव माझा. सोबतीला भाऊबंदही जमले. आई वाढून वाढून दमायची. "अगं, एवढं खातेस ते जातं कुठं?" म्हणायची. अहो, इकडे! मी आतून ओरडायची.

घरात कचऱ्याचा कण सापडायचा नाही. अंगणात नवाकोरा संडासही होता, पण तो इतका देखणा की घाण करायला कुणाचा जीव होईना. त्यात त्यांनी बियाण्यांची पोती रचली आणि घरदार निघालं गाजराच्या वाफ्यामागे. येताना पाटात हात बुचकळले की झाले स्वच्छ! माझी अंडी मात्र मजेत वाफ्यात पोचायची. एवढा पाहुणचार मला कुणी केला नसता.

पण भिंगरी गिरक्या घेईनाशी झाली. भिंतीला टेकून बसायची, पोट दाबून रडायची. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण ताट आलं की मी सगळं विसरायची.

परवा गुरांचा डॉक्टर आला. वासराच्या तब्येतीची बापाला फार काळजी. दोरी धरून भिंगरी शेजारीच उभी होती.

"बघा ना डॉक्टर," बाप म्हणाला, "खातं भरपूर, पण अंगी लागत नाही. पोटाचा नगारा, पायांच्या काड्या. डोळ्यांत तेज नाही. दिवसभर नुसतं बसून असतं."

डॉक्टरांनी वासराकडे पाहिलं, मग दोरीच्या दुसऱ्या टोकाकडे.

"हे वासराचं सांगताय की लेकीचं?"

बाप हसला. मग एकदम हसायचा थांबला. आत मी गारठले!

"वासराला औषध मी देतो," डॉक्टर म्हणाले. "पोरीला आजच्या आज दवाखान्यात न्या. जंत असणार."

"माझ्या पोरीला जंत?" आई उसळली. "घर बघा माझं, आरसा आहे आरसा!"

"घर आरसा आहे हो, पण वाफ्याचं काय?" डॉक्टर म्हणाले. बापानं मान खाली घातली. वासराला वेळच्या वेळी औषध पाजणारा माणूस तो. त्यानं लेकीला उचलून खांद्यावर घेतलं आणि दवाखान्याची वाट धरली.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी घरातल्या सगळ्यांना गोळ्या दिल्या. भिंगरीनं आपली चघळून खाल्ली आणि म्हणाली, "गोड आहे!" गोड कसली, माझा काळ तो! तेव्हापासून शेपूट कुठं आणि डोकं कुठं, मला पत्ता नाही. आतडंभर मी भेलकांडतेय, भाऊबंद एकमेकांवर कोसळताहेत, जत्रेतला पाळणा परवडला!

बाहेर धपाधप आवाज येताहेत. बाप संडासातली पोती काढतोय. आईनं दाराशी साबण ठेवलाय आणि जो येईल त्याच्या हातांवर स्वतः पाणी ओततेय. म्हणजे माझ्या लेकरांना आता वाफा नाही, गाजर नाही. वाचकहो, तुमच्याकडे एखादं न धुतलेलं गाजर असेल तर... बरं, राहू द्या.

ताट आलं वाटतं. "आई, अजून वाढ," भिंगरी म्हणतेय. घास खाली येतोय, अगदी माझ्या तोंडाशी. आणि तोंडच उघडत नाही हो माझं! जाऊ दे. खा गं बाई, सावकाश खा. हा घास सगळाच्या सगळा तुझा.