ताई-भिंगरीच्या घरचा कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. फोनमध्ये असतो तसा मटाराएवढा नव्हे. चांगला डब्याएवढा, काळ्या चामड्यात मढवलेला, पुढे एकाखाली एक अशी दोन भिंगे असलेला. वरच्या भिंगाने बघायचे आणि खालच्याने फोटो काढायचा. मला पोटाशी धरून, मान खाली घालून वरच्या काचेत पाहावे लागते. त्यामुळे माझ्यासमोर भल्याभल्यांनी मान लववली, असे मी कपाटातल्या इतर वस्तूंना ऐटीत सांगत असे.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे एक बाई दिवसभर भिंगे घासत बसायच्या. माझे भिंग त्यांनी तीनदा उजेडाकडे धरले, तिन्ही वेळा पुन्हा घासायला घेतले आणि चौथ्यांदा कुठे मान डोलावली. त्या बाईंचे नाव मला कधीच कळले नाही, पण पुढे चाळीस वर्षे माझ्या फोटोंना लोक ‘कसा स्वच्छ आलाय’ म्हणत, तेव्हा मला त्यांची आठवण यायची.

तिथून मी बाबांकडे आलो. बाबा म्हणजे फोटोवाले. त्यांचा स्टुडिओ तीन खोल्यांचा: पुढे काचेचे कपाट आणि गिऱ्हाइकांसाठी बाक, मध्ये दोन मोठे दिवे आणि तळ्याचे चित्र रंगवलेला पडदा, मागे लाल दिव्याची अंधारखोली. तिथे ओल्या फोटोंचा आणि औषधांचा आंबूस वास कायम भरून असे. माडीवर घर. घरात आई आणि एक सहा वर्षांची, दोन घट्ट वेण्यांची मुलगी. मी आलो त्याच महिन्यात तिला बहीण झाली आणि त्या दिवसापासून तिला सगळे ताई म्हणू लागले.

धाकटीला नाव होते, पण हाक मारायचे ते भिंगरी. एका जागी टिकेल ती भिंगरी कसली. रांगायला लागली ती थेट पडद्यामागे गेली आणि तळ्याच्या मधोमध बोट घालून एक भोक पाडून बसली. बाबांनी तिथे एक होडी रंगवून घेतली. पुढच्या वर्षी तळ्यात तीन होड्या झाल्या.

ताई शिस्तीची. शाळेतून आली की फोटोंच्या कडा कापायची, ओले फोटो दोरीवर चिमट्यांनी लावायची. भिंगरी मागून यायची आणि चिमटे काढून स्वतःच्या नाकाला, कानाला लावून गिऱ्हाइकांसमोर हिंडायची. ताईच्या वहीत माझ्या पुसायच्या फडक्याचे तुकडे, ताईच्या बुटात कापलेल्या कडांचा चुरा. ताई रडकुंडीला येऊन म्हणायची, “बाबा, हिला एकदा तरी ओरडा ना.”

बाबा ओरडायला तोंड उघडायचे आणि हसू आवरता न आल्याने तसेच मिटायचे. ताईला ते फार लागायचे. मला दिसत होते ना. सगळे काम तिने करावे आणि कौतुक धाकटीचे व्हावे. शिवाय कौतुकाला कारणही होते. एखादे बाळ दिव्यांना घाबरून रडायला लागले की बाबा हाक मारत, “भिंगरे, ये गं.” ती माझ्यामागे उभी राहून असे काही गाल फुगवायची आणि डोळे फिरवायची की बाळ रडणे विसरून टकामका बघू लागे. नेमका तेव्हा बाबा खटका दाबत. गिऱ्हाईक जाताना भिंगरीच्या गालाला हात लावून जाई. कोपऱ्यात दोरीला फोटो लावणाऱ्या ताईकडे कोणाचे लक्ष नसे.

ताई पंधरा वर्षांची झाली आणि बाबांनी तिला माझ्यावर हात बसवायला शिकवले. तिचा हात बाबांपेक्षा स्थिर होता. एकदा बाबा दोन दिवस परगावी गेले होते. ते गेले त्याच दुपारी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या मावशी मुलाला घेऊन आल्या. तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने निघून पुढे जहाजावर नोकरीला जाणार होता. तीन वर्षे परत येणार नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे इस्त्री केलेल्या मावशींनी आज स्वतःचे कपडे कडक इस्त्री केले होते. त्यांचा एकही फोटो कधी निघाला नव्हता.

“बाबा नाहीयेत, मावशी,” ताई म्हणाली.

“तू आहेस की,” मावशी म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्यासुद्धा.

ताईने आठ फोटो काढले. मायलेक बसलेले, उभे, एकटे, जोडीने. प्रत्येक वेळी तिचा श्वास मला जाणवायचा. ते गेल्यावर ती हुश्श करून हिशोबाच्या टेबलावर डोके टेकून जरा बसली आणि दमून तिथेच झोपली.

भिंगरी तेव्हा नऊ वर्षांची. झोपलेल्या ताईला पेन्सिलीने झुपकेदार मिशा काढायच्या आणि फोटो काढून ठेवायचा, असा तिचा बेत होता. मिशा झाल्या. मला उचलले, पण खटका दबेना, कारण रोल पुढे फिरवायचा असतो हे तिला ठाऊक नव्हते. तिला वाटले, रोल संपला. तिने माझे मागचे झाकण उघडले. भस्सकन उजेड आत आला. त्यावर तिने आत काय आहे ते बघायला हातभर रोल बाहेर ओढला, मग घाबरून बोटानेच आत कोंबला आणि झाकण लावून टाकले.

मित्रांनो, मला तोंड असते तर मी त्या दिवशी आरडाओरडा केला असता.

संध्याकाळी मिशा धुऊन अंधारखोलीत गेलेली ताई बाहेर आली तेव्हा तिच्या हातात काळीठिक्कर पट्टी होती. आठांपैकी एकही चेहरा उरला नव्हता. आई म्हणाली, “अजून उशीर नाही झाला. त्यांना बोलाव, पुन्हा काढ.”

“आणि पुन्हा तसंच झालं तर? रोल मलाच नीट बसवता आला नाही, आई. माझं हे काम नाही.” ताईने मला कपाटात ठेवले आणि किल्ली आईकडे दिली. ती मावशींकडे जाऊन काय सांगून आली कोण जाणे. भिंगरी जिन्यात बसून होती. त्या दिवशी तिने कशाला म्हणून हात लावला नाही आणि जेवायलाही कुरकुर न करता बसली. आईने तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

फटफटायला लागले तेव्हा कपाटाचे कुलूप वाजले. दारात भिंगरी आणि तिच्यामागे डोळे चोळत ताई.

“किल्ली कुठून आणलीस? पहाटे कशाला उठवलंस मला?”

“कॅमेरा मी उघडला होता,” भिंगरी म्हणाली. “काल. तू झोपलेली असताना. रोल तू नीटच बसवला होतास.”

ताई एक पाऊल पुढे आली. मला वाटले, आता एक ठेवून देणार. भिंगरीलाही तसेच वाटले असावे, कारण तिने डोळे घट्ट मिटून गाल पुढे केला होता.

“बस किती वाजता आहे?” ताईने विचारले.

“सहाला.”

“चप्पल घाल.”

तशा पळत गेलेल्या बहिणी मी पुन्हा पाहिल्या नाहीत. ताईच्या छातीवर मी आपटत होतो, ती एका हाताने नवा रोल सांभाळत होती आणि भिंगरी पुढे धावत वाटेतल्या लोकांना “बाजूला व्हा, बाजूला व्हा” म्हणत रस्ता करत होती. स्टँडवर पोचलो तर बस सुरू होऊन धूर सोडत होती. मुलगा खिडकीशी बसलेला, मावशी खाली उभ्या. ताई खांबाआड बसून रोल भरू लागली. कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला.

भिंगरी गेली ती बसच्या पायरीवर बसली. “काका, माझा अंगठा अडकला.”

“कुठे?”

“इथे, पत्र्यात. ओढू नका, तुटेल.”

कंडक्टर गुडघे टेकून वाकला. ड्रायव्हर उतरून आला. दोन प्रवासी सल्ले देऊ लागले, एक म्हणाला तेल आणा, दुसरा म्हणाला पाणी. भिंगरी कण्हत होती, पण फार नाही. बेताने, बस थांबण्यापुरते.

तोवर ताईने खांबाला पाठ टेकून मला पोटाशी धरले. उजेड नुकता स्टँडच्या छपराखालून तिरपा यायला लागला होता. मावशींना वाटले, फोटो आता राहिलाच. त्या टाचा उंचावून खिडकीतून वाकलेल्या मुलाच्या सदऱ्याचे वरचे बटण लावत होत्या. माझ्याकडे कोणीच बघत नव्हते. ताईने श्वास रोखला आणि खटका दाबला. मग फिरवून आणखी एकदा.

“निघाला का अंगठा?” कंडक्टरने विचारले.

भिंगरीने ताईकडे बघितले. “निघाला. आपोआपच.”

त्या फोटोत अंधारखोलीत सगळ्यांत आधी उमटली ती मावशींची बोटे आणि मग ते बटण. मावशींनी तो इस्त्रीच्या टेबलासमोर लावला आणि तीन वर्षे त्याच्याशी बोलत कपडे इस्त्री केले. बाबांनी परत आल्यावर रोल कसा खराब झाला म्हणून विचारले, तेव्हा ताई म्हणाली, “माझ्याच हातून झाला.”

दारामागून आवाज आला, “खोटं बोलतेय ती.”

पुढे स्टुडिओवर ताईचा हात चालू लागला. भिंगरी मोठी झाली, पण सुधारली असे म्हणता येणार नाही. ती मुलांच्या दवाखान्यात नर्स झाली आणि दूरच्या शहरात गेली. ती गेली त्या आठवड्यात मधली खोली इतकी शांत झाली की दिव्यांची गुणगुण ऐकू यायची. ताईचा हात कामात सारखा थांबायचा. सगळे चिमटे जागच्या जागी होते, वह्या नीट होत्या, बुटात काही नव्हते. एवढी वर्षे जी शांतता तिने मागितली, ती मिळाल्यावर तिला त्यात करमेना.

बाबा गेले, मग आई. लोक खिशातल्या फोनने फोटो काढू लागले. माझे रोल मिळेनासे झाले आणि मी कपाटात गेलो. माझ्या भिंगावर बुरशीची जाळी धरली. तिकडे ताईच्याही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. ती कोणाला सांगत नव्हती. भिंती माहितीच्या होत्या, जिना माहितीचा होता, तिचे चालून जात होते. भिंगरी वर्षातून एकदा येऊन जायची, तेव्हाही ताई काही बोलायची नाही. शेवटी फोनवरच्या एका बोलण्यावरून भिंगरीला संशय आला. ती नोकरीतून रजा काढून आली आणि ताईला दवाखान्यात घेऊन गेली. एका डोळ्याचे ऑपरेशन झाले, दुसऱ्याचे काही आठवड्यांनी ठरले.

पट्टी असलेल्या त्या दिवसांत भिंगरी तिच्या खाटेशी बसून कपाट आवरायची. मला तिने मऊ फडक्याने पुसले, दुरुस्तीवाल्याकडून आतले भिंग साफ करून आणले. पुसताना मोठ्याने काहीबाही सांगत असायची, निम्मे खोटे. ताई पडल्या पडल्या तिच्या चुका काढायची. दोघींचे भांडण जुन्या रंगात आले होते.

पट्टी निघाली त्या सकाळी भिंगरी चहा घेऊन आली. मी खिडकीत होतो, ऊन चांगले होते. ताई तिच्याकडे बघतच राहिली.

“काय झालं?” भिंगरीने विचारले.

“तुझे केस सगळे पांढरे झालेत.”

“त्याला झाली की सहा-सात वर्षं.”

“मला आत्ता दिसले,” ताई म्हणाली. तिने हात पुढे करून धाकटीच्या कानामागची बट नीट सारली, आणि हात बराच वेळ तिथेच राहू दिला.

मित्रांनो, मी यंत्र आहे, पण पाहण्याचेच काम जन्मभर केले आहे, म्हणून सांगतो. माझ्यासारखी जुनी वस्तू घरात असेल तर तिला अडगळीत कुजू देऊ नका. काच मऊ फडक्याने पुसा, सदऱ्याच्या टोकाने नको. आणि घरात तुमचा जीव खाणारे, वह्या फाडणारे, मिशा काढणारे एखादे धाकटे माणूस असेल, तर त्याच्यावर रागवा, भांडा, पण त्याच्याकडे नीट बघत चला. ते रोज थोडे थोडे बदलत असते, आणि तुमच्या डोळ्यांसमोर असूनही तुम्हाला पत्ता लागत नाही.