क्रूसावरचे अडतीस थर

“काका, हा रंग कोणी लावलाय?” अनुष्काने विचारलं आणि पास्कलची छाती वीतभर फुगली.

“मीच. अडतीस वर्षं. एक वर्ष चुकवलं नाय. विचार हिला.”

ही म्हणजे मी. नाव बेटी. पास्कलची बायको आणि मराठी शाळेतली निवृत्त बाई. मी मान डोलावली, कारण ते खरंच होतं. नंदाखालला आमच्या आळीच्या तोंडाशी दगडी क्रूस आहे. तो कोणी उभारला हे आमच्या आज्यांनाही ठाऊक नव्हतं. मे महिन्यात त्याचा सण होतो. आधी प्रार्थना, मग सगळ्यांना उकडलेले चणे. सणाच्या आधीच्या शनिवारी पास्कल शिडी आणि ऑइल पेंटचा डबा घेऊन निघणार हे ठरलेलं. घराच्या खिडक्या रंगाची वाट बघून थकल्या, पण क्रूस दर वर्षी लखलखायचा. तो क्रूस म्हणजे माझी सवत अशी थट्टा व्हायची, आणि ती मी हसून सोसायचे.

अनुष्का बोळिंजला राहते. जुन्या वास्तू कशा जपायच्या याचं तिने शिक्षण घेतलंय. गेल्या पावसाळ्यात क्रूसाच्या कडेचा टवका उडाला, म्हणून आळीच्या समितीने तिला बोलावलं होतं. आता ती बिचारी शब्द शोधत होती.

“काका, अॅक्च्युअली ना, पेंटचाच प्रॉब्लेम आहे. खालून ओल येते, समुद्राची हवा आहे, ते सगळं पेंटच्या आत अडकतं. मग आत मीठ फुगतं आणि दगडाचा भुगा होतो.”

पास्कल आधी हसला, मग तापला. “काल आली आणि मला शिकवते? माझा बाप नुसता चुना मारायचा. एका पावसात सगळा वाहून जायचा. लाज वाटायची बघताना. रंग टिकतो, म्हणून तर मी रंग आणला!”

“चुना बरोबर होता, काका. तो वाहून जातो तेच चांगलं.” मग ती हळूच म्हणाली, “तुम्हीच वाजवून बघा ना.”

पास्कलचा सगळा जन्म वाडीत गेला. नारळावर बोटाची पेरं आपटून आत काय आहे ते सांगणारा माणूस. बाजारात अनोळखी लोकही त्याच्यापुढे नारळ धरतात. त्याने क्रूसाच्या मधोमध पेरं आपटली. मग खाली, चौथऱ्याजवळ. मग पुन्हा तिथेच. मला नारळातलं काही कळत नाही, पण तो पोकळ आवाज मलाही कळला.

“नासलाय,” तो म्हणाला आणि पायरीवर बसून राहिला.

समितीने सगळं त्याच्यावर सोडलं. तो हो म्हणेल तरच रंग काढायचा. त्याला दुखवायची कोणाची छाती नव्हती. तीन दिवस तो माझ्याशीही धड बोलला नाही. मला त्याचा राग आला नाही, जीव तुटत होता. अडतीस वर्षं ज्याला जपलं, त्यालाच आपण खाल्लं, हे कुठल्या तोंडाने मान्य करायचं? चौथ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, “मी लावला, मीच काढीन.”

अनुष्का रंग मऊ करणारा लेप लावायची आणि पास्कल लाकडी पट्टीने एकेक थर सोलायचा. चंदेरी निघाला, त्याखाली पांढरा, मग आकाशी.

“हा शेल्डनच्या पहिल्या कम्युनियनचा,” तो म्हणायचा. शेल्डन आमचा मुलगा, त्याने चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेतला त्या वर्षीचा. नॅन्सी मुलगी. “आणि हा पिवळा, नॅन्सीच्या लग्नाचा. मंडपाच्या गेटला आणलेला, उरला होता.”

“शी! क्रूसाला उरलेला रंग?” मी म्हटलं.

“चांगल्या कंपनीचा होता!”

कितीतरी दिवसांनी तो हसला.

सगळ्यात तळाशी त्याच्या बापाचा चुना होता, पावसाने न गेलेला, खाचांत साचून बसलेला. तो ओल्या ब्रशने नुसता पुसला गेला आणि खालून नक्षी वर आली. येशूला क्रूसावर चढवतानाची शिडी, हातोडा, खिळे. ही आम्ही जन्मात पाहिली नव्हती. आळीतल्या बायका पीठ लागलेल्या हातांनी धावत आल्या. चौथऱ्याजवळ एक कोंबडा होता, पेत्र या शिष्याने तीनदा ‘मी येशूला ओळखत नाही’ म्हटलं तेव्हा आरवलेला. पास्कलने फार जपून पट्टी सरकवली, तरी रंगाची जाड खपली सुटली आणि तिच्याबरोबर कोंबड्याची चोचही आली.



“आधीच तुटलेली असेल रे,” मी म्हटलं. मला दुसरं काय सुचणार?

“नाय.” त्याने खपली तळहातावर धरली होती. एका बाजूला चंदेरी रंग, दुसऱ्या बाजूला दगड. अनुष्काने बोट लावून पाहिलं. दगड साखरेसारखा सुटत होता. परत चिकटण्यातला नव्हता.

मे महिन्यात सण झाला. क्रूस काळासावळा, उघडा उभा होता. काही म्हाताऱ्यांना तो उदास वाटला, मला मात्र फार देखणा वाटला. वसईहून पाहुणे आले होते. अनुष्का त्यांना नक्षी समजावत होती. कोंबड्यापाशी आल्यावर ती अडखळली, पास्कलकडे बघून म्हणाली, “चोच... काळाच्या ओघात गेली.”

पास्कल टोपलीतून चणे वाटत होता. “काळ नाय, बाय,” तो तिथूनच म्हणाला. “मी.”

पाहुणे वळून त्याच्याकडे बघायला लागले. आमची नात शॅनन मात्र नुसती बघत राहणाऱ्यातली नाही. “आजोबा, मग ती आता कुठंय?”

पास्कलने टोपली माझ्या हातात दिली. सदऱ्याच्या खिशातून रोझरीची डबी काढली, जपमाळ बाजूला सारली आणि खाली कापसात ठेवलेली खपली तिला दाखवली. मग पाहुण्यांनाही दाखवली, एकेकाला, घाई न करता. डबी बंद करून परत खिशात ठेवली आणि चणे वाटायला लागला.