तेरा पांढरी अंडी

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननाचा धडा बारावा होता आणि मी तो दरवर्षी एका वाक्यात उरकत असे: "हा घरी वाचा." मुलं गालात हसत, मुली वहीत तोंड खुपसत आणि मी घाम पुसून तेराव्या धड्यावर उडी मारी. बी.एस्सी. झालो होतो खरा, पण लाज काही परीक्षा देऊन जात नाही.

एकाहत्तरच्या हिवाळ्यात मला शेजारच्या गोजरबाईचं भलं करायची हुक्की आली. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं तिला माहेरी धाडून वीस वर्षं झाली होती. त्यानं दुसरी केली, तर तिचाही पाळणा हलला नाही. त्याचं खापरही लोकांनी गोजरबाईच्याच डोक्यावर फोडलं. म्हणे, हिनंच नजर लावली. गावात ओटी भरायला तिला कुणी बोलावत नसे. तिचा मान राखला होता तो कोंबड्यांनी. तिनं अंड्यांवर बसवलेल्या खुडूक कोंबडीखालून पिलू निघालं नाही, असं सहसा होत नसे. त्यामुळे उबवायची अंडी मात्र अख्खं गाव तिच्याच दारात आणून देई.

मी श्रीरामपूरजवळच्या एका पोल्ट्रीतून तेरा अंडी आणली. म्हटलं, "सुधारित जात आहे, गोजरबाई. वर्षाला दोनशे अंडी देते. बसवा चांदीखाली." चांदी म्हणजे तिची लाडकी कोंबडी, नुकतीच खुडूक होऊन उबवायला बसू पाहणारी.

गोजरबाईनं एक अंडं हातात फिरवलं. "लई गोरी हायेत, मास्तर. सायबाची दिसत्यात."

चांदी एकवीस दिवस पाटीतून जेमतेम दाण्यापुरती उठली. बाविसावा दिवस गेला, पंचविसावाही गेला, पण एक अंडं टिचलं नाही. राहीबाई नावाच्या आमच्या शेजारणीनं आडावर सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं, "हाताचा गुन, दुसरं काय! वांझंच्या हाताखाली कोंबडी बी वांझ." दुसऱ्या दिवशी दोन बाया आपापली अंडी परत घेऊन गेल्या. गोजरबाईनं मला नेहमीसारखंच "या मास्तर" म्हटलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी मी बाराव्या धड्यावरून उडी मारायच्या बेतात होतो, तोच ती अंड्यांची पाटी घेऊन थेट वर्गात आली.

"मास्तर, एकच इचारते. तिथं कोंबडा हुता का?"

मला पोल्ट्री आठवली. पिंजऱ्यांच्या रांगा आणि जिकडेतिकडे कोंबड्याच कोंबड्या. कुणी आरवल्याचं काही आठवेना.

"नव्हता," मी म्हणालो. सगळा वर्ग खदखदून हसला.

"मंग अंडी कशी घातली?"

आता सुटका नव्हती. मी जन्मात पहिल्यांदा बारावा धडा उघडला. कोंबडी एकटी असली तरी अंडं घालते, पण कोंबड्याशिवाय त्यात जीव धरत नाही, हे मी मोठ्यानं सांगितलं. जमीन दुभंगली नाही, म्हणून पुढेही बोललो. शरीरातल्या ग्रंथी रक्तात संप्रेरकं सोडतात, त्यांच्यामुळे कोंबडी खुडूक होते. आत जीव आहे की नाही हे तिला कळत नाही, ती आपली ऊब देत राहते.

"म्हंजी चांदीत खोट न्हवती?"

"नव्हती. बसवणारीच्या हातातही नव्हती. चूक माझी."

तिनं अंड्यांची पाटी टेबलावर ठेवली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मानसाचं बी असंच आसतं का वं?"

वर्गात कुणी हसलं नाही.

"असंच असतं. मूल झालं नाही, तर खोट बाईतच असेल असं नाही. पुरुषातही असू शकते."

"वीस वर्सं झाली, मास्तर," ती म्हणाली. "ह्ये मला कुनी सांगितलं न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि फळ्याकडे बोट केलं. "लिव्हा तिथं."

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी शेवटचा शब्द होईपर्यंत ती हलली नाही. मग मी वर्गाकडे वळलो. राहीबाईची लेक मनकर्णा पहिल्याच बाकावर होती.

"उतरून घ्या," मी म्हणालो. "आणि हा घरी वाचा. मोठ्यानं."