तोट्याची लाडकी

मी पुठ्ठ्याची खोकी शिवणारी मशीन बोलतेय. गोड बोलणं मला जमत नाही, आधीच सांगते. जन्मभर पिना मारल्यात, टोचेलच थोडं.

मी नवी आले तेव्हा मालकांनी माझ्यावरून हात फिरवला होता. घरच्या सुनेवरून फिरवला नसेल असा. मला चालवायला काकू आली. पायाने पट्टी दाबायची, हाताने पुठ्ठा सरकवायची, आणि माझी पिन अडकली की मला शिव्या घालायची. तिच्या घरात कमावणारी ती एकटी. त्यामुळे आम्हा दोघींनाही आजारी पडायची सोय नव्हती.

मग गिऱ्हाईकं प्लास्टिकच्या क्रेटकडे वळली. काम आटलं, बँकेची माणसं चकरा मारू लागली. मालकांनी दाढी करणं सोडलं. काकूचा पगार थकला.

आणि एक दिवस करसल्लागार आला. कारखान्यात पाऊल टाकताच त्याचा चेहरा असा उजळला, जणू मुलगी बघायला आलाय आणि पसंत पडलीय.

"मालक, रडताय काय? एवढा तोटा म्हणजे सोनं आहे सोनं! नफ्यातली एक मोठी कंपनी तुम्हाला पोटात घेईल. तुमचा तोटा त्यांच्या नफ्यातून वजा होईल, त्यांचा कर वाचेल. बँकही गप्प बसेल."

"म्हणजे तोटा विकायचा?"

"विकायचा म्हणू नका हो. विलीनीकरण म्हणा. फक्त धंदा चालू दिसला पाहिजे. बंद कारखान्याचा तोटा कुणाच्या कामाचा नाही."

मालकांनी काकूला बोलावलं. "काकू, थोडे दिवस कळ काढा. नवे मालक आले की तुमची नोकरी पक्की."

दुसऱ्या दिवसापासून आमचं नाटक सुरू झालं. मला हिरवा रंग फासला. काकू सकाळी खोकी शिवायची, जेवणानंतर पकडीने त्याच पिना उपसायची आणि उद्यासाठी तोच पुठ्ठा पुन्हा सपाट करायची. पुठ्ठ्याची पार चाळण झाली. विकत घेणाऱ्या कंपनीचे साहेब बघायला आले की मी खडखडायची आणि ते माना डोलवायचे. आत काय शिवतेय हे एकानेही वाकून पाहिलं नाही.

त्यातच चपला बनवणारा एक जण दारात आला. त्याला खोकी हवी होती. खरी! काकू धावत ऑफिसात गेली.

सल्लागार खुर्चीतून उडालाच. "काकू, वेड लागलंय का? नफा झाला तर तेवढा तोटा कमी होईल! सौदा पडेल!"

"अहो, धंदा चालू पाहिजे म्हणालात ना?"

"चालू पाहिजे. चालायला नको."

चपलावाला आल्या पावली परत गेला. काकू येऊन माझ्याशेजारच्या स्टुलावर बसली आणि कितीतरी वेळ पट्टीला पायच लावला नाही.

सह्या झाल्या. पेढ्यांऐवजी केक कापला. मालकांची दाढी गुळगुळीत होती. काकूने विचारलं, "मग मी उद्या किती वाजता येऊ?"

नव्या साहेबांनी सल्लागाराकडे पाहिलं. सल्लागार म्हणाला, "काकू, तोटा वजा करून घ्यायचा तर कायद्याने काही वर्षं मशीन ठेवणं भाग आहे. माणसांचं तसं काही नाही."

"आणि माझ्या घरचा तोटा? तो घेणारं कोणी बघा की. चांगला मोठा आहे, जपून ठेवलाय."

साहेब हसले. त्यांना वाटलं, बाई विनोदी आहे. काकूने पकड टेबलावर आपटली, तसं हसू थांबलं. "अंगावर चरबी तुमच्या आणि डाएट माझ्या पोरांनी करायचं होय?" एवढं बोलून ती गेली. मालकांनी केकचा तुकडा तसाच हातात धरून ठेवला.

आता मला बटण बसवलंय. वॉचमन ते दाबतो आणि मोबाईल बघतो. मी हवा शिवते. परवा साहेबांच्या पाहुण्यांनी विचारलं, "ही काय बनवते?" साहेब म्हणाले, "बचत."

तुमच्यापैकी कुणाला खरं खोकं हवं असेल तर या, बाई. मला मोडीत विकत घ्या, नाहीतर चोरून न्या, मी कुरकुरणार नाही. पण येताना काकूला घेऊन या. मी नुसता आवाज करते. शिवायची तीच.